अंगठा बाहेरून

बंगळूरच्या आमच्या घरात सकाळची कॉफी माझी होती. लहानपणी तापात डोळे गेले, आणि घरातली कामं एकेक करून माझ्या हातून काढून घेतली गेली. हे एकच उरलं, तेही आईने हट्टाने शिकवलं म्हणून. साठच्या दशकात धाकट्या भावाचं लग्न झालं, आई गेली, तरी कॉफी माझ्याकडेच राहिली.

फिल्टरमधले थेंब कानाला कळतात. दूध तापताना गुणगुणतं, ती गुणगुण वाढत जाते आणि उतू जाण्याच्या जरा आधी एकदम मंदावते. स्टीलच्या पेल्याला बाहेरून अंगठा लावून ओतायचं. ऊब वर चढते, ओतण्याचा आवाज बारीक होत जातो, की थांबायचं. यात डोळ्यांचं काय काम, मला आजही कळलेलं नाही.

भावजयीचे मामा यशवंतपूरच्या बाजारात मिरचीचे व्यापारी होते. एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून माझा हात पेल्यावर पाहिला आणि बाहेर जाऊन म्हणाले, "ती बोट बुडवून बघते. शी! पिता तरी कसं तुम्ही?"

मला कोणी विचारलं नाही. भाऊसुद्धा गप्प. माझ्या हातची कॉफी वर्षानुवर्षं ढोसलेला माणूस! मामांपेक्षा मला त्याचीच जास्त शिसारी आली.

पुढच्या रविवारी मामा आले, तेव्हा मी सगळा सरंजाम बाहेर टेबलावर मांडला. "बघा नीट," म्हटलं आणि ओतली. अंगठा बाहेरच. काठाच्या बोटभर खाली थांबले.

"सरी, सरी, ठीक आहे," मामा गुरगुरले. मग पेल्यात त्यांची बोटं बुडाल्याचं डुबुक झालं आणि त्यांनी झटकलेली गरम, चिकट साय माझ्या पावलावर येऊन पडली. पाठोपाठ बोटं चोखल्याचा मचमच आवाज. "स्वल्प गोड हवी," म्हणत त्यांनी साखरेचा डबा उघडला. चमचा तर माझ्या हातात होता! चोखलेली बोटं साखरेत खरवडत होती आणि कोणीही शी म्हणत नव्हतं. मी डबा ओढून घेतला, मोरीपाशी गेले आणि सगळी साखर ओतून टाकली.

मामा न पिताच उठून गेले. भावजय रडत म्हणाली, "अक्का, उद्यापासून कॉफी मीच करते. तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका."

"तेच बरं," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं स्टोव्हपाशी उभी राहून कालचंच उगाळत होती. मी उंबऱ्याबाहेर बसले होते. दुधाची गुणगुण वाढली, मग मंदावली. मी तोंड उघडलं नाही. फस्सकन दूध उतू गेलं, स्टोव्ह विझला आणि जळक्या दुधाची घाण घरभर पसरली.

"अक्का, तुला ऐकू आलं असणार!" भाऊ ओरडला. "सांगायचं नाही का?"

"तुम्हा दोघांना दिसत होतं ना," मी म्हटलं.