बीएमएक्सला नवा ब्रेक

"काका, नवा ब्रेक बसवायचा तर पुढच्या चाकाच्या फोर्कचं भोक मोठं करावं लागेल," सायकलवाला ड्रिल हातात घेऊन म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या शाळेच्या दिवसांतल्या बीएमएक्स सायकलला भोक?

"हात लावू नकोस!" मी भर दुकानात ओरडलो. जुन्या ब्रेकला काय धाड भरलीय? आम्ही तर उतारावर चपला घासून थांबायचो. टाचा झिजल्या म्हणून आई बडवायची, ते निराळं. पडण्याला शौर्य म्हणायची खोड आमच्या पिढीला आहेच. हनुवटीवरचे टाके मी अजून पाहुण्यांना दाखवतो. पण पोरांनीही तसंच फुटून शिकावं, हा हट्ट कसला?

शेजारी लेक उभी होती. कालच उतारावर याच सायकलचा ब्रेक लागला नाही आणि ती थेट कुंपणावर आदळली. कोपराला पट्टी होती.

"बाबा, ओरडताय कुणावर?" तिनं शांतपणे विचारलं.

माझी नजर त्या पट्टीवर गेली आणि राग आणखीच चढला.

"बघतोस काय? कर भोक मोठं!" मी सायकलवाल्यावर खेकसलो. "आणि मागचाही ब्रेक बदल!"