रविवारची शर्यत

देवळाली प्रवरातल्या घरात जयमालाबाई एकट्याच असत. मुलगा गोरक्ष चेन्नईला नोकरीला जाताना जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून गेला होता. दर रविवारी दुपारी मायलेक आपापल्या घरून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत. पण गेमची नवी आवृत्ती आल्यापासून शर्यत सुरू झाली की स्क्रीन काळा पडे, उघडलेलं सगळं बंद होई आणि कॉम्प्युटर पुन्हा पासवर्ड मागे.

"ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय, आई. त्याला झेपत नाही."

"म्हातारं झालं म्हणून टाकून द्यायचं का रे?"

गोरक्ष हसायचा आणि एकेक उपाय सांगत तासभर फोनवर राहायचा. एरवी त्याचा फोन 'जेवलीस का' एवढ्यावर आटपे आणि खेळताना तर तो अवाक्षर काढत नसे.

बुधवारी बाईंनी कार्डावरचा भार कमी करायला स्वतःच गेमचं सेटिंग उघडून गाड्यांच्या सावल्या बंद केल्या. शर्यत शेवटपर्यंत चालली. त्यांची गाडी पहिली आली, पण सांगायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी फोन आला. "काय गं, चालला का गेम?"

बाईंनी सावल्या पुन्हा चालू केल्या.

"नाही ना रे. सांग, आज कुठून सुरू करायचं?"