चौतीस इंचांचा ओटा

समस्त नागरिकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, चिखलोलीतल्या एका नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात, झगझगीत लायटिंगखाली, एक काकू पाटावर उभ्या राहून भाकरी थापत आहेत. या दुर्घटनेला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

मी इंटिरियर डिझायनर. ऑफिस उल्हासनगरात. काकू म्हणजे अंबरनाथच्या क्वार्टर्समधल्या आमच्या शेजारी. शाळेतून आलो की मी आधी त्यांच्याकडे जेवायचो, मग घरी. त्या जेमतेम चार फूट आठ इंच, आणि क्वार्टर्समधला ओटा उंच. तीस वर्षं पाटावर चढून स्वयंपाक केला. काका रिटायर झाले, फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं.

"संजू, बाकी काय करायचं ते कर. माझा तो पाट तेवढा सुटू दे."

"काकू, पाटाचं वाजतगाजत विसर्जन करू!"

ओट्यासाठी माझी जुनी पद्धत आहे. घरातल्या बाईपुढे परात ठेवायची, उभ्याने पीठ मळायला लावायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायची. ओटा त्याच्या चार-पाच इंच खाली. बायका लाजतात, नवरे हसतात, माप चुकत नाही.

या वेळी मी रेंडर काढायला एआय घेतलं. रेंडर, म्हणजे घर होण्याआधीच काढलेलं त्याचं चित्र. पूर्वी त्यात चार दिवस जायचे. याने चहा संपायच्या आत सहा चित्रं दिली. खिडकीखाली मसाल्यांसाठी उथळ फळी काढली होती. खरं सांगतो, ती मला सुचली नसती.

चित्रात ओट्यापाशी एक उंच, सडपातळ बाईही उभी होती. मशीनने आपल्या मनाने घातलेली.

"ही कोण रे भवानी माझ्या स्वयंपाकघरात?" काकूंनी विचारलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. त्या हशात परात राहून गेली.

ग्रॅनाइट बसवायच्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "सर, आंटींना एकदा उभं करून बघू का?"

"ड्रॉइंगमध्ये चौतीस इंच आहे ना? मग चौतीस."

चौतीस ही बाजारातली ठरलेली उंची. काकूंना तीस लागत होती.

गृहप्रवेशाला काकू ओट्यापुढे उभ्या राहिल्या. थापायला हात ठेवले, तर खांदे कानांना लागले. आतल्या खोलीत गेल्या, सामानाचं एक गाठोडं सोडलं आणि पाट घेऊन आल्या.

"उद्याच फोडून खाली घेतो," मी म्हणालो.

"नको. नव्या घरात हातोडा नको."

"मशीनने घोळ घातला हो," असं म्हणत मी पुरावा म्हणून मोबाइलवर जुनं चॅट उघडलं. सुरुवातीलाच मशीनचा प्रश्न होता.

"वाच की मोठ्याने," काका म्हणाले.

वाचलं. "स्वयंपाक मुख्यतः कोण करतं? त्यांची उंची किती?" त्याखाली माझं उत्तर: "स्टँडर्ड धर. आधी चित्र दाखव."

हल्ली एआयने काही विचारलं की मी आधी परात काढतो, मग उत्तर देतो. पण त्या घरात ही अक्कल चार इंच उशिरा पोचली.

काकू पाटावरूनच वळल्या आणि बोलून गेल्या, "म्हणजे त्या मेल्याने माझी उंची विचारली होती, आणि तू, माझ्या हातचं खाऊन, स्टँडर्ड सांगितलीस?"