विसाव्याच्या दगडापाशी

आई गेली तेव्हा आप्पा रडले नाहीत. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, मिलिटरीतला माणूस, काळीज दगडाचं. मला संताप आला, पण ती भांडायची वेळ नव्हती.

आप्पा मुळातच घुमे. तरुणपणी लढाईत पकडले गेले, बरेच दिवस कैदेत होते, एवढंच आम्हा मुलांना माहीत. खोदून विचारलं तर म्हणायचे, "थंडी हुती लई." सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाची ही तक्रार ऐकून आम्ही हसायचो. आई तेवढी हसत नसे. तिला सगळं ठाऊक असावं असं आता वाटतं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात शववाहिका शिरत नाही, म्हणून खांद्यावरूनच निघालो. मी पुढे, हातात अग्नीचं मडकं. ऐंशी ओलांडलेले आप्पा खांदा द्यायला हटून बसले. त्यांना नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्यात अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तिरडी घटकाभर खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, मग पुढे निघायचं. त्या जागेवर आता मोबाइलचं दुकान झालंय, दगड तेवढा शिल्लक आहे. रीतभात बघणारे आमचे चुलते म्हणाले, "हं, टेकवा."

"न्हाय," आप्पा म्हणाले. "खाली ठिवायचं न्हाय."

"दादा, रीत हाय ती. माणसं दमल्यात."

"मी बी दमलो हुतो!" आप्पा भर रस्त्यात ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. "बर्फातनं चालवत नेत हुते आमाला. जो बसंल त्येला मारत हुते. माज्या दोस्ताच्या पायाला लागलं हुतं, पाठीवर घिऊन चाललो हुतो त्येला. जरा टेकवला, दम खायला. म्हटलं लगीच उचलतो. उचलू दिलाच न्हाय. घातली गोळी."

मागं एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. इतकी वर्षं हा माणूस आमच्यात जेवला, झोपला, आमच्या फिया भरल्या, आणि हे एकट्यानं पोटात ठेवलं. मला भडभडून आलं.

"विसावा नको," मी चुलत्यांना म्हणालो. "तसंच चला."

"पाप लागंल."

"लागू द्या मला."

चालता चालताच खांदे बदलले. आप्पांनी मात्र बांबू सोडला नाही. उलट त्यांची चाल वाढली. मान वळवून ते आईला सांगत होते, "जरा कळ काढ. थोडंच ऱ्हायलंय." एकदा तर मला त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. या खेपेला ते आपलं माणूस नीट पोचवणार होते. मलाही बरं वाटलं, वेड्यासारखं. पोचायचं कुठं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

स्मशानात सरण रचून तयार होतं. माणसं थांबली. आप्पा थांबेनात. बांबू ओढत म्हणाले, "हितं न्हाय. म्होरं चला."

पुढे भिंत होती.

मी मडकं बाजूला ठेवलं आणि त्यांची बोटं धरली. थंडगार होती, एवढ्या उन्हात. "आप्पा, सोडा आता. पोचलो आपन."

"मारनार न्हाईत न्हवं?"

"न्हाय आप्पा."

लहान पोरासारखा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि हात सोडला. आईला सरणावर ठेवलं. मी अग्नी दिला.

कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत आमच्यात कुणी स्मशान सोडत नाही. मी आप्पांना परोपरीनं सांगितलं, तुम्ही घरी जा. ते हलले नाहीत. बसलेही नाहीत. सगळे सावलीला बसले होते आणि ते एकटे उभे, आईकडे बघत.

मग तो आवाज आला. चुलते "झालं" म्हणाले. माणसं पँटी झटकत उठली, नळाकडे निघाली.

आप्पा माझ्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

"घातली की रं," ते म्हणाले. "तू तर न्हाय म्हनला हुतास."