पूजेतला पाना

दारावरच्या झेंडूचा वास आला आणि सोलापूरच्या माळावरचं आमचं टपालाचं विमान आठवलं. दसऱ्याची सकाळ होती. विमानाच्या पंख्याला हार, वर कुंकू. उडण्याआधी मी पंख्याचे नट चाचपले, तर ते बोटांनीच फिरायला लागले! पंखा आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मिस्त्रीनं बसवला होता. "पाना कुठं होता तुझा?" मी ओरडलो. "पुजंत मांडला व्हता की, सायब. त्याला हात कसा लावायचा? हातानंच आवळलं. इमानाचीबी पुजा केलीया की!" माझ्या जोडीचे वैमानिक शांतपणे म्हणाले, "मग चल, बस आमच्याबरोबर." मिस्त्री झटकन मागं सरला. इतकी वर्षं झाली, पण त्याचं ते मागं सरणं मी अजून माफ केलेलं नाही.