डावीकडचा किल्ला

१४ मे २०१९ रोजी ओल्ड्रिख कालिवोदाने प्रागच्या स्थानकावर जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गचं जायचं-यायचं तिकीट काढलं. दोन हजार एकशे साठ कोरुना. बेचाळीस वर्षं लोकांचे कोट शिवलेला हा शिंपी हौसेखातर फिरणाऱ्यांतला नव्हता. पण खिशात क्वेताचा फोटो होता.

क्वेता त्याची बायको. ती जाऊन आठ महिने झाले होते. फोटो तिच्या कपाटात सापडला. मागे पेन्सिलीने ‘सप्टेंबर १९६९’. पुलावर हसणारी एकोणीस वर्षांची क्वेता, शेजारी पाच चांदण्यांचं वलय असलेला, पुलांचा राखणदार चेक संत यानचा पुतळा, मागे टेकडीवर किल्ला. प्रागचा चार्ल्स पूलच! पण ओल्ड्रिख फोटो घेऊन तिथे उभा राहिला, तर किल्ला उजवीकडे. फोटोत डावीकडे.

“अरे, उलटा छापलाय,” मेव्हणी झ्देना म्हणाली. “माझी बहीण कधी देशाबाहेर गेली नाही. तुला आता शिवायला काही नाही, म्हणून उसवत बसलायस.”

१९६९च्याच ऑक्टोबरात पश्चिमेकडची सरहद्द बंद झाली. त्याआधी गेलेले कित्येक परतलेच नाहीत. क्वेता जाऊन आली असेल, तर अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात एका शब्दाने बोलली कशी नाही? एवढंच त्याला कळायला हवं होतं. असाच संत आणि मागे किल्ला असलेला एक पूल व्यूर्त्सबुर्गला आहे, असं त्याने वाचलं होतं.

वाटेत रेगेन्सबुर्गला मुक्काम केला आणि तिथला दगडी पूलही पडताळला. किल्ला नाही. कपाळाला हात लावून दूर बघणारा एक दगडी माणूस तेवढा होता. “तुझंही काही हरवलंय का रे?” ओल्ड्रिख पुटपुटला.

व्यूर्त्सबुर्गच्या पुलावर मात्र त्याचं डोकंच चालेना. तोच संत, तशीच नदी, टेकडीवर किल्ला, आणि तो डावीकडे. लोक कठड्याला टेकून वाइन पीत होते. त्यातल्या एका समवयस्क बाईने, रोस्वीथाने, हटकलं.

“काय हो, वाट चुकलात?”

त्याने मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं.

“संत तुमचा, पण किल्ला आमचा,” ती म्हणाली.

“उलटा छापला असेल तर किल्लाही आमचाच.”

“बरं, भांडू नका. वाइन घ्या. पेला मात्र परत करा, माझे पाच युरो अनामत आहेत त्यावर.” मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती म्हणाली, “शिंपी ना तुम्ही? कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत?”

आठ महिने त्याने फक्त चेहरा आणि किल्ला पाहिला होता. बटणं क्वेताच्या उजव्या हाताकडे होती. बायकांच्या कोटाला ती डावीकडे असतात.

“म्हणजे उलटाच छापलाय! प्रागच!” तो जवळजवळ ओरडला.

आणि मग त्याला खांदा दिसला. शिवण पार दंडावर उतरलेली. बाह्या दोनदा दुमडलेल्या. कोट पुरुषाचा होता, आणि पुरुषाच्या कोटाची बटणं उजवीकडेच असतात. फोटो सुलट होता.

“कुणाचा कोट?” रोस्वीथाने हळूच विचारलं.

“माहीत नाही. आमची ओळख त्या हिवाळ्यात झाली. थंडीत नुसत्या स्वेटरवर दुकानात आली होती. मी म्हटलं, बाई, जुना कोट कुठंय? म्हणाली, ज्याचा त्याला परत केला.”

“मग सांगितलंच होतं की तिने.”

यावर आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे ओल्ड्रिखला ठरवता येईना. गाडीची वेळ झाली, तसा त्याच तंद्रीत तो फोटो एका खिशात आणि पेला दुसऱ्या खिशात घालून निघाला. पेला आता त्याच्या शिलाई मशीनवर असतो. रोस्वीथाचे पाच युरो द्यायचे राहिले आहेत.