आंतरराष्ट्रीय उपविजेती

आमच्या अंबरनाथच्या कारखान्याच्या क्लबात दर मे महिन्यात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा व्हायची. हसू नका. कप देणाऱ्या उल्हासनगरच्या सिंधी शेठजींचा भाचा दुबईला होता. तो सुट्टीला आला की पहिल्या फेरीत हरायचा, थंडा प्यायचा आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय करून जायचा. त्याचं विमानाचं तिकीट निघाल्याशिवाय आमची तारीख ठरत नसे.

हॉलमध्ये मागच्या विजेत्यांच्या नावांची फळी होती. ती वाचली की कोणत्या साली कारखान्यात कोण मोठा साहेब होता ते कळायचं. एका साहेबांना गुडघ्यांमुळे धावता येत नव्हतं, तरी ते लागोपाठ जिंकत गेले, कारण समोरचे ज्युनियर इंजिनियर इमानेइतबारे शटल नेटमध्ये मारायचे. मुलींच्या गटात साहेबांच्या मुली जिंकायच्या. आम्हा कामगारांच्या पोरींनाही खेळायची मुभा होती. हरायला कोणीतरी लागतंच.

ताईची बारावीची परीक्षा झाली त्या वर्षी ती हट्टाने उतरली. टक्के बेताचेच पडणार होते. उल्हासनगरच्या एका कॉलेजात खेळाच्या कोट्यातली एक सीट होती, आणि तिथे विजेतेपदाचं सर्टिफिकेट लागायचं. बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीत वारा पडला की ती मला समोर उभी करून घामाघूम होईपर्यंत खेळायची.

फायनलला समोर मोठ्या साहेबांची मुलगी. ताईने तिला इतकं पळवलं की शेवटी ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. ताई जिंकली. मागून शिट्ट्या आल्या. पुढच्या खुर्च्यांवर मात्र टाळी वाजवावी की नाही हेच कुणाला कळेना.

मग बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी फळीवरचा पडदा ओढला. पाहुण्यांच्या हाताला ओला रंग लागू नये म्हणून आमच्याकडे विजेत्याचं नाव फायनलच्या आधीच रंगवून घ्यायची पद्धत होती. तिथे साहेबांच्या मुलीचं नाव झळकत होतं. सर्टिफिकेटंही तशीच भरून तयार.

क्लबच्या सेक्रेटरींनी पप्पांना बाजूला घेतलं. "अहो, पेंटर तिकडे लांब बेलवलीचा. आता कुठे शोधायचा त्याला? पुढच्या वर्षी तुमच्या पोरीचं नाव टाकू ना. आधीच रंगवून ठेवतो, टेन्शन नाय."

पप्पा त्याच कारखान्यात मशीनवर होते. "चालेल साहेब," म्हणाले. मला दोघांचाही राग आला, पप्पांचा जास्त. ताईने उपविजेतीचं सर्टिफिकेट घेतलं आणि फोटोलाही उभी राहिली.

कॉलेजात मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले. खेळाच्या सरांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं.

"इंटरनॅशनल? वा! मग फायनलला कुणाकडून हरलीस?"

"पेंटरकडून, सर."

सर टेबलावर हात आपटून हसले. मग त्यांनी पुढच्या मुलीला आत बोलावलं. तिच्याकडे विजेतीचं सर्टिफिकेट होतं, सीट तिला मिळाली.